फॅरोच्या अंगावर काय काय असायचं : मुकुटापासून लंगोटापर्यंत

तुतानखामेनच्या थडग्यातून पाच हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. रथ, पलंग, धनुष्यं, मद्याचे रांजण, हातमोजे, इतकंच काय, सुमारे 145 लंगोटसुद्धा. मुकुट मात्र एकही नाही. 1922 साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला सापडलेलं हे थडगं प्राचीन काळी दोनदा फोडलं गेलं होतं, पण चोर राजाच्या ममीपर्यंत पोचले नव्हते. 1940 मध्ये तानिस इथे प्येर माँतेला पहिल्या प्सुसेन्नेसचं न फोडलेलं दफन मिळालं. तिथे चांदीची शवपेटी होती, सोन्याचा मुखवटा होता. मुकुट तिथेही नव्हता. पांढरा, लाल, दुहेरी, निळा अशा ज्या मुकुटांनी इजिप्तच्या भिंती भरल्या आहेत, त्यांतला एकही खरा नमुना आजवर कुठे सापडलेला नाही.

मुकुट कातड्याचे, कापडाचे किंवा बोरू-गवताच्या विणीचे असावेत आणि काळाच्या ओघात कुजून गेले असावेत, हे एक स्पष्टीकरण. दुसरं असं, की मुकुट राजाचा खासगी नव्हता, राजपदाचा होता. तो पुढच्या राजाकडे जायचा, थडग्यात ठेवला जायचा नाही. दोन्ही अंदाजच आहेत. ठाम सांगता येतं ते एवढंच : मुकुटांबद्दल आपल्याला जे कळतं ते चित्रांतून आणि पुतळ्यांतून, तर कपड्यांबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं प्रत्यक्ष कापडातून. पुढचं सगळं वाचताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण चित्रकार राजाला जसं दाखवायचं तसं दाखवायचा. तो त्या दिवशी खरोखर काय घालून बसला होता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

पांढरा, लाल आणि दोन्ही मिळून

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. त्यामुळे इजिप्तमध्ये ‘वरचा’ म्हणजे दक्षिणेचा आणि ‘खालचा’ म्हणजे उत्तरेचा, समुद्राकडच्या त्रिभुज प्रदेशाचा. नकाशा समोर ठेवून वाचणाऱ्यांची इथेच पहिली गफलत होते. पांढरा मुकुट (हेद्जेत) दक्षिणेचा, लाल मुकुट (देश्रेत) उत्तरेचा. पांढरा उंच, वर निमुळता होत गेलेला, टोकाला गोळा असलेला. लाल मुकुट पुढे बुटका आणि सपाट, मागे उभा उंच दांडा आणि पुढच्या बाजूला बाहेर येऊन गुंडाळलेली तारेसारखी वेटोळी. पांढरा लालमध्ये बसवला की दुहेरी मुकुट होतो. पहिल्या राजघराण्याच्या काळापासूनच तो चित्रांत दिसू लागतो.

दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर दाखवणारी सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे नार्मेर या अगदी सुरुवातीच्या राजाची पाटी. 1897-98 च्या उत्खननात हिएराकोनपोलिसला सापडलेली, सुमारे 64 सेंमी उंचीची ही दगडी पाटी इ. स. पू. 3100 च्या आसपासची आहे. एका बाजूला नार्मेर पांढरा मुकुट घालून शत्रूवर गदा उगारतो. दुसऱ्या बाजूला तोच लाल मुकुट घालून शिरच्छेद झालेल्या शत्रूंची रांग पाहायला निघालेला आहे. कमरेला मागे बैलाचं शेपूट लटकतंय. राजा अनवाणी आहे आणि त्याच्या मागे एक सेवक त्याचे जोडे हातात घेऊन चालतोय. पुढची तीन हजार वर्षं चालणारा राजवेश इथे जवळजवळ तयार झालेला आहे.

पण ‘पांढरा दक्षिणेचा, लाल उत्तरेचा’ हे समीकरण सुरुवातीपासूनचं होतं असं समजू नये. लाल मुकुटाची सर्वांत जुनी खूण नार्मेरच्याही बऱ्याच आधीच्या एका खापरावर आहे, आणि ते खापर मिळालं दक्षिणेतल्या नकादाला. पांढऱ्या मुकुटाचं एक फार जुनं चित्र तर इजिप्तच्याही दक्षिणेला, नुबियातल्या कुस्तुलच्या धूपपात्रावर आहे. म्हणजे दोन मुकुट आणि दोन प्रदेश यांची जोडी नीट लावून दिली गेली ती राज्य एक झाल्यावर, एकीकरणाची कथा सांगण्यासाठी. पुराव्यांकडे पाहता हेच जास्त पटतं.

एकदा जोडी लागल्यावर मात्र ती काटेकोरपणे पाळली गेली. देवळात शिरल्यावर दक्षिणेकडच्या भिंतीवर राजा बहुधा पांढऱ्या मुकुटात दिसतो आणि उत्तरेकडच्या भिंतीवर लाल मुकुटात. दिशा चुकली तर भिंतीवरचा राजाच ती दाखवतो. यातून आणखी एक सावधगिरी शिकायची. दुसऱ्या मेंतुहोतेपचा काळ्या कातडीचा, पांढऱ्या झग्यातला, हाताची घडी घातलेला रंगीत पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. त्याच्या डोक्यावर लाल मुकुट आहे. राजा मूळचा दक्षिणेतल्या थीब्जचा. मग उत्तरेचा मुकुट कसा? कारण मुकुट राजाचं गाव सांगत नाही. त्या पुतळ्याने कोणती बाजू सांभाळायची, ते सांगतो. असे पुतळे जोडीजोडीने उभारले जायचे. आपल्या हाती पुष्कळदा जोडीतला एकच येतो.

नेमेस : मुकुट नव्हे, कापड

सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर फॅरो म्हटलं की जे येतं ते नेमेस, पट्ट्यापट्ट्यांचं शिरोवस्त्र. ते बांधायची रीत पुतळ्यांवरून नीट उलगडते. भुवयांच्या वर कपाळावर एक आडवी पट्टी. कापड डोक्यावरून घेऊन कानांच्या मागून दोन्ही बाजूंना फुगवलेलं. पुढे छातीवर येणारी दोन सरळ टोकं. उरलेलं कापड मानेमागे गोळा करून त्याची वेणीसारखी शेपटी गुंडाळलेली. कान नेहमी बाहेर. सक्काऱ्यात सापडलेल्या जोसेर या जुन्या राजाच्या बसलेल्या पुतळ्यात नेमेसचं जुनं रूप दिसतं : खाली भरघोस केसांचा टोप आणि त्यावर हे कापड. पुढे टोप गेला आणि कापड डोक्याला चिकटून बसलं.

तुतानखामेनच्या मुखवट्यावरून नेमेसचा रंग ठरवण्याची घाई करू नये. सुमारे 54 सेंमी उंचीच्या, 10 किलोंहून जड अशा त्या सोन्याच्या मुखवट्यातले निळे पट्टे काचेचे आहेत, लाजवर्द या गडद निळ्या मौल्यवान दगडाची नक्कल करणारे. देवांचं अंग सोन्याचं आणि केस लाजवर्दाचे, ही इजिप्शियन समजूत तिथे साकारली आहे. तो मृत्यूनंतर देव झालेल्या राजाचा चेहरा आहे, दरबारातल्या कापडाचा नमुना नाही.

नेमेसचा साधा भाऊ म्हणजे खात : पट्टे नाहीत, छातीवर येणारी टोकं नाहीत, मागे फक्त पिशवीसारखा फुगा. तुतानखामेनच्या दफनकक्षाच्या दाराशी दोन काळे पहारेकरी पुतळे उभे होते. एकाच्या डोक्यावर नेमेस, दुसऱ्याच्या खात. फरक समजून घ्यायला याहून सोपी जोडी नाही. डोक्याला बांधायचे खरेखुरे लिननचे रुमालही शिल्लक आहेत. राजाच्या ममीवर प्रक्रिया करताना उरलेलं सामान एका वेगळ्या खड्ड्यात पुरलं होतं. तो 1907 मध्ये उघडला गेला आणि त्यातले रुमाल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

नेमेसवर आणखी मुकुट चढवता यायचा. अबू सिंबेलच्या दारातले दुसऱ्या रामसेसचे चार महाकाय पुतळे पाहा : खाली नेमेस, वर दुहेरी मुकुट.

कपाळावरचा नाग

मुकुट कोणताही असो, कपाळावर बहुतेक वेळा फणा काढलेला नाग असतो. हा साधा नाग नव्हे, ही उत्तरेतल्या बुतो गावची देवी वाजेत. राजाच्या शत्रूंवर ती आग ओकते अशी श्रद्धा. दक्षिणेतल्या अल-काबची देवी नेख्बेत गिधाडाच्या रूपात असते. पुष्कळ ठिकाणी दोघी शेजारी शेजारी बसतात.

इथे मात्र आपल्याकडे खऱ्या वस्तू आहेत. 1920 मध्ये लाहूनच्या पिरॅमिडमध्ये दुसऱ्या सेनुस्रेतचा सोन्याचा नाग मिळाला. जेमतेम 7 सेंमी उंच, डोकं लाजवर्दाचं, फण्यावर रंगीत खड्यांची जडणघडण. लायडनच्या संग्रहालयात इंतेफ नावाच्या राजाचा चांदीचा शिरपट्टा आहे. आणि तुतानखामेनच्या डोक्यावर मुकुट नसला तरी सोन्याचा शिरपट्टा होता. त्याची मांडणी विलक्षण आहे. पट्ट्यावरचा नाग आणि गिधाड काढता येतील असे केले होते आणि दफनाच्या वेळी ते काढून ममीच्या मांड्यांपाशी ठेवले होते : गिधाड उजव्या मांडीजवळ, नाग डाव्या. राजाचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे उजवी बाजू दक्षिण आणि डावी उत्तर. दोन्ही देवी आपापल्या प्रदेशाकडे. तीन हजार वर्षं कुणी बघणार नव्हतं, तरी दिशा चुकवली नाही.

नाग एकच असेल असंही नाही. इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांत इजिप्तवर राज्य करणाऱ्या नुबियन राजांनी, म्हणजे पंचविसाव्या राजघराण्याने, डोक्याला घट्ट बसणारी टोपी आणि कपाळावर दोन नाग अशी आपली वेगळी ओळख ठेवली. नंतरच्या घराण्यातल्या दुसऱ्या प्सामतिक राजाच्या काळात त्यांची नावं खोडली गेली आणि अनेक पुतळ्यांच्या कपाळावरचा नाग छिन्नीने उडवला गेला. संग्रहालयात नाकडोळे शाबूत आणि कपाळ मात्र ठेचलेलं असा पुतळा दिसला, तर ही शक्यता आधी तपासावी. प्रत्येक तूटफूट अपघाती नसते.

निळा मुकुट आणि एक हट्टी गैरसमज

निळा मुकुट (खेप्रेश) फुगीर, दोन्ही बाजूंना कडा निघालेला, अंगभर छोट्या गोल टिकल्यांचा. अठराव्या राजघराण्यापासून, म्हणजे तुतानखामेनच्या घराण्यापासून, तो राजांचा लाडका. कादेशच्या लढाईच्या चित्रांत रामसेस तोच घालून रथ हाकतो, म्हणून जुन्या पुस्तकांनी त्याला ‘युद्धमुकुट’ म्हटलं आणि ते नाव अजून निघत नाही. ते बाजूला ठेवलेलं बरं. तुतानखामेनच्या दफनकक्षाच्या उत्तर भिंतीवर त्याचा वारस आय ममीचं तोंड उघडण्याचा विधी करतोय. अंगावर पुरोहिताचं बिबट्याचं कातडं आणि डोक्यावर निळा मुकुट. इथे लढाई कुठली? इथे ‘मृत राजाचा विधी मी केला, म्हणून वारस मी’ हा दावा आहे. तूरिनच्या संग्रहालयातला दुसऱ्या रामसेसचा सुप्रसिद्ध पुतळाही निळ्या मुकुटात शांत बसला आहे : चुण्यांचा लांब झगा, पायात जोडे, हातात वाकड्या टोकाची राजकाठी, पावलांखाली शत्रूंची प्रतीकं असलेली नऊ धनुष्यं.

आतेफ म्हणजे पांढऱ्या मुकुटाच्या दोन्ही अंगांना शहामृगाची पिसं. तो मूळचा मृतांच्या देवाचा, ओसिरिसचा. हेमहेम म्हणजे असे तीन आतेफ ओळीने, खाली मेंढ्याची आडवी शिंगं, वर सूर्यबिंबं आणि बाजूंना नाग. असली उतरंड डोक्यावर घेऊन कुणी चार पावलं चालला असेल यावर विश्वास बसत नाही. हा चित्रातला मुकुट म्हणूनच पाहावा.

कापड : इथे पुरावा हाताला लागतो

राजापासून मजुरापर्यंत सगळ्यांचं कापड एकच, लिनन. ते जवसाच्या रोपाच्या धाग्याचं. विदर्भात तेलासाठी पिकणारं जवस तीच वनस्पती. फक्त तेलाचे आणि धाग्याचे वाण वेगळे. फरक पडायचा तो रोप कधी उपटलं यावर. हिरवं असताना उपटलं तर धागा मऊ आणि तलम, पिवळं पडल्यावर जरा मजबूत, पूर्ण पिकल्यावर जाडाभरडा, दोरखंडाच्या लायकीचा. म्हणजे राजवस्त्र हवं तर बियांच्या पिकाची आशा सोडायची. रोप कापत नसत, मुळासकट उपटत, म्हणजे धाग्याची पूर्ण लांबी मिळते. मग पाण्यात कुजत घालायचं, वाळवायचं, झोडपायचं, विंचरायचं. कुजणं कमी झालं तर काडी धाग्याला चिकटून राहते. जास्त झालं तर धागाच सडतो. निघालेल्या तंतूंची टोकं एकमेकांत पिळून आधी लांब सलग दोरा करायचा आणि मग टकळीवर त्याला पीळ द्यायचा, ही त्यांची पद्धत. माग सुरुवातीला जमिनीवर आडवा, नंतर नव्या राज्याच्या काळात (इ. स. पू. सुमारे 1550 ते 1070) उभाही आला.

कापडाच्या प्रतवारीत सर्वांत वरची प्रत ‘राजलिनन’ म्हणूनच ओळखली जायची. श्रीमंती रंगात नव्हती, तलमपणात आणि शुभ्रतेत होती. लिननवर रंग सहजी चढत नाही, त्यामुळे रंगाचं काम बहुतेक मणी, खडे आणि सोनं करायचं.

सगळ्यात आतला कपडा लंगोट. त्रिकोणी कापड, लांब बाजूच्या दोन टोकांना बंद. ही बाजू कमरेमागे ठेवून बंद पुढे बांधायचे, खाली लोंबणारं तिसरं टोक पायांमधून पुढे घेऊन बंदांत खोचायचं. देर अल-मदिनातल्या खा नावाच्या बांधकाम-प्रमुखाच्या थडग्यातही, आणि राजाच्या थडग्यातही, घडण हीच. राजाचं कापड तेवढं कितीतरी झिरझिरीत.

त्यावर शेंद्यित, म्हणजे राजाचा आखूड वेष्टनवजा कपडा. कमरेभोवती गुंडाळलेलं चुण्यांचं कापड, पुढे दोन्ही कडा गोलाईत एकमेकांवर येतात आणि मधून एक उभी पट्टी खाली उतरते. कमरपट्ट्याच्या पुढच्या चौकटीवर राजाचं नाव, मागे बैलाचं शेपूट. जुन्या राज्यात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, ही राजाची मक्तेदारी. त्यानंतरच्या मध्य राज्यापासून (इ. स. पू. सुमारे 2000) अधिकारीही तो घालून पुतळे करवून घेऊ लागले, त्यामुळे शेंद्यित दिसला की राजाच, असं म्हणता येत नाही. नव्या राज्यात यावर अंगरखा आला. लांब कापड खांद्यांवर दुमडायचं, दोन्ही कुशी शिवायच्या, हातांना जागा ठेवायची, गळ्याला गोल भोक आणि पुढे एक चीर. त्यावर चुण्यांचा पारदर्शक झगा आणि शेला.

चुण्या मात्र फार जुन्या. तारखान इथे मिळालेला, बाह्यांना आणि खांद्याला बारीक चुण्या घातलेला एक लिननचा अंगरखा रेडिओकार्बन चाचणीनुसार इ. स. पू. 3482 ते 3102 या दरम्यानचा आहे. पुरातत्त्वज्ञ पेट्रीच्या 1913 मधल्या उत्खननातल्या चिंध्यांच्या गठ्ठ्यात तो होता. 1977 मध्ये गठ्ठा साफ करताना कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पूर्ण कपडा आहे. कोपरांशी आणि काखेत तो वापराने चुरगळलेला आहे, म्हणजे नुसता मढ्यासाठी शिवलेला नव्हे.

तुतानखामेनच्या कपड्यांचं काय झालं हेही सांगायला हवं. चोरीनंतर अधिकाऱ्यांनी सांडलेलं सामान दिसेल त्या पेटीत कोंबून पेट्या बंद केल्या होत्या. रंगीत चित्रांच्या एका पेटीत वर जोडे आणि खाली मण्यांनी भरलेले झगे एकमेकांवर दाबून ठेवलेले. कापड काळपट होऊन इतकं ठिसूळ झालेलं, की हात लावताच भुगा. ती एक पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. अडचण अशी की कापड वाचवायचं तर मण्यांची नक्षी नीट उलगडत नव्हती, आणि नक्षी पुन्हा ओवायची तर कापडाची आशा सोडावी लागत होती. नक्षी आधी टिपून घेण्याकडे कल राहिला. उरलेल्या कापडांचा नीट अभ्यास वस्त्रांच्या अभ्यासक गिलियन फोगेलसांग-ईस्टवूड यांनी केला तो पुष्कळ दशकांनंतर.

तीस वर्षं राज्य झाल्यावर होणाऱ्या सेद उत्सवाचा पोशाख वेगळाच : खांद्यांपासून अंग झाकणारा, गुडघ्याच्या आसपास संपणारा आखूड झगा, ज्यातून फक्त हात बाहेर येतात. अबिदोसला मिळालेल्या, ब्रिटिश म्युझियममधल्या बोटभर हस्तिदंती राजाच्या अंगावर असाच नक्षीदार झगा आणि डोक्यावर पांढरा मुकुट आहे.

दाढी, कंठा, जोडे

दाढी खोटी, हनुवटीला लावून पट्ट्यांनी कानांकडे बांधलेली. काही पुतळ्यांच्या गालांवर या पट्ट्या स्पष्ट दिसतात. सरळ, खाली रुंद होणारी दाढी जिवंत राजाची. वेणीसारखी, टोकाला पुढे वळलेली दाढी देवाची आणि ओसिरिस झालेल्या मृत राजाची. सोन्याच्या मुखवट्यावर वळलेली आहे ती याचसाठी. हातशेप्सुत या राणीने राज्य हाती घेतल्यावर बऱ्याच पुतळ्यांत नेमेस, शेंद्यित आणि दाढी तिन्ही धारण केलं, कारण राजपदाचा गणवेश तोच होता. राण्यांचा साज वेगळा : डोक्यावर पंख पसरून बसलेलं गिधाड. नेफेर्तितीचा वर सपाट, उंच निळा मुकुट ही तिची स्वतःची खूण. 1912 मध्ये अमार्नाला मिळालेल्या अर्धपुतळ्यामुळे तो जगभर पोचला.

गळ्यातला रुंद कंठा मण्यांच्या अनेक ओळींचा. वजनामुळे तो पुढे घसरतो, म्हणून मागे पाठीवर तोलाचं लोलक बांधायचं. पुतळ्याच्या मागे फिरून पाहिलं तर ते सापडतं. जोड्यांचा अर्थ तळव्यात होता. तुतानखामेनच्या एका लाकडी जोड्याच्या तळावर हात बांधलेले नुबियन आणि आशियाई कैदी व धनुष्यं चितारली आहेत. राजा चालला की शत्रू तुडवला गेला.

शेवटी पुतळे वाचतानाची एक व्यावहारिक गोष्ट. उंच मुकुट पुष्कळदा वेगळ्या दगडात घडवून खुंटीने बसवलेला असतो, म्हणून तो आधी निखळतो. नेमेसच्या माथ्यावर सपाट जागा आणि भोक दिसलं तर तिथे वर काहीतरी होतं. दुसऱ्या रामसेसने तर आधीच्या राजांचे पुतळे सर्रास आपल्या नावावर केले : चेहरा तासला, नाव बदललं, कधी दाढी-मुकुटातही फेरफार केले. कमरपट्ट्यावरचं नाव त्यामुळे सगळ्यात शेवटी वाचावं. आधी नेमेसच्या पट्ट्यांची रुंदी, नागाच्या शेपटीचे वळसे आणि शेंद्यितच्या चुण्या पाहाव्यात. तासणाऱ्याने चेहरा बदलला तरी या जागांपर्यंत त्याची छिन्नी फारशी पोचलेली नसते.